विकणे आहे : एक कॉफ्री पोरगा

जानेवारी महिना हा वृत्तपत्रवाल्यांच्या कौतुकाचा महिना. ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची आठवण म्हणून पत्रकार दिन होतो. २९ जानेवारीला भारतीय वृत्तपत्र दिन होतो, कारण १७८० साली त्या दिवशी कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकी या आयरिश माणसाने ‘हिकीज बेंगॉल गॅझेट’चा पहिला अंक काढला. हार घातले जातात, भाषणे होतात. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला न जुमानणारा, तुरुंगातूनही अंक काढणारा, शेवटी १७८२ साली टाइप जप्त झाल्यामुळेच गप्प बसलेला निर्भय संपादक म्हणून हिकीचे नाव घेतले जाते. हे सारे खरेच आहे. आम्हालाही हिकीचा आदर वाटतो.

पण भाषण करणाऱ्यांनी हिकीच्या पत्राचे पूर्ण नाव एकदा नीट वाचावे. ‘हिकीज बेंगॉल गॅझेट’ या शब्दांपुढे ‘ऑर द ओरिजिनल कलकत्ता जनरल ॲडव्हर्टायझर’ असे शब्द होते. म्हणजे हे पत्र जन्मालाच जाहिरातदार म्हणून आले. त्याचे ब्रीद होते, सर्व पक्षांना खुले, कुणाच्याही दबावाखाली नसलेले. ते ब्रीद खरे होते का खोटे, हे आपण आजवर त्यातल्या मजकुरावरून ठरवीत आलो. आम्ही म्हणतो, ते जाहिरातींवरून ठरवा. मजकुरात संपादक आपल्याला जसे दिसावेसे वाटते तसा दिसतो. जाहिरातीत तो ज्या समाजात राहतो तो समाज दिसतो आणि त्या समाजात त्याचे दुकान कुठे आहे तेही दिसते.

हिकीच्या पत्रात घरे भाड्याने देण्याच्या, लिलावाच्या, हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती असत. त्यांच्याच रांगेत माणसांच्याही जाहिराती असत. एका जाहिरातीत दोन ‘कॉफ्री’ मुले विकायची होती. वय सुमारे अठरा. दोघेही फ्रेंच हॉर्न नावाचे वाद्य फार छान वाजवतात, अशी शिफारस होती. ती एका नुकत्याच वारलेल्या पोर्तुगीज पाद्र्याच्या मालकीची होती आणि अधिक माहितीसाठी पोर्तुगीज चर्चच्या व्हिकारला भेटावे असे लिहिले होते. दुसऱ्या एका जाहिरातीत कुणाला तरी असेच हॉर्न वाजवणारे दोन कॉफ्री विकत हवे होते, घरकामातही उपयोगी पडणारे. अट अशी, की त्यांना दारूचा नाद नसावा.

आणि तिसरी जाहिरात. एक चांगला कॉफ्री पोरगा विकणे आहे. बटलरचे, खिदमतगाराचे आणि स्वयंपाकाचे काम जाणतो. किंमत चारशे सिक्का रुपये. ज्या सद्गृहस्थास असा नोकर हवा असेल त्याने मुलाला प्रत्यक्ष पाहावे आणि पुढील माहितीसाठी छापखानेवाल्याकडे चौकशी करावी.

छापखानेवाला म्हणजे कोण? आपला हिकी. हिंदी वृत्तपत्रसृष्टीचा जनक, विचारस्वातंत्र्याचा आद्य पुरुष. त्याच्या पत्राच्या एका अंकाची किंमत एक रुपया होती. पत्र साप्ताहिक होते. म्हणजे त्या पोराची किंमत हिकीच्या पत्राच्या सुमारे पावणेआठ वर्षांच्या अंकांइतकी. पत्र तर पुरती सव्वादोन वर्षेही चालले नाही. गव्हर्नर जनरलविरुद्ध लढणाऱ्या छापखान्याच्या दारात माणूस पाहायला लोक येत होते, आणि त्या लढाईचा इतिहास लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या दाराकडे बघावेसे वाटले.

वाचकहो, हे सारे कलकत्त्याचे, इंग्रजांचे आणि अडीचशे वर्षांपूर्वीचे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानांच्या वार्षिक अंकात त्याची उठाठेव कशाला, असे तुम्हाला वाटेल. उठाठेव अशासाठी, की त्या तीन ओळींच्या जाहिरातीत दोन शब्द आपल्या घरातले आहेत.

पहिला शब्द ‘खिदमतगार’. जाहिरातीत त्याचे स्पेलिंग वाकडेतिकडे आहे, पण शब्द तोच. खिदमत हा आपल्याकडे केवढा मानाचा शब्द! आईवडिलांची खिदमत, कौमची खिदमत, दीनची खिदमत. आपल्या संस्थांच्या अहवालांत, सत्काराच्या मानपत्रांत, कब्रस्तान कमिटीच्या फलकांवर हा शब्द असतो. तोच शब्द त्या बाजारात मालाचा गुणधर्म म्हणून वापरला गेला.

दुसरा शब्द त्याहून जवळचा. ‘कॉफ्री’. इंग्रजांनी हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘काफ्र’वरून उचलला आणि पोर्तुगिजांनी तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकला. मूळ शब्द अरबी, ‘काफिर’. किनाऱ्यावरच्या मुसलमान व्यापाऱ्यांनी आतल्या मुलखातल्या मुसलमान नसलेल्या आफ्रिकी माणसाला काफिर म्हटले. श्रद्धेविषयीचा तो शब्द जहाजावर चढला आणि कातडीविषयीचा झाला. कलकत्त्याला उतरला तेव्हा त्याला किंमत चिकटलेली होती. गोव्यात त्याचा ‘खापरी’ झाला. दक्षिण आफ्रिकेत तो इतकी घाणेरडी शिवी झाला, की २०१८ साली काळ्या पोलिसांना उद्देशून तो वारंवार उच्चारल्याबद्दल एका गोऱ्या बाईला तिथल्या न्यायालयाने तुरुंगाची शिक्षा सुनावली.

कोण कुणाला काफिर म्हणतो यावरून आपल्याकडे आजही मारामाऱ्या होतात. एक फिरका दुसऱ्या फिरक्याला काफिर ठरवतो, जमातखान्यात ठराव होतात, लग्ने मोडतात. आमच्या आलिमांना आमची अदबीने विनंती आहे, की हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी एकदा त्या चारशे रुपयांच्या पोराचा विचार करा. ज्याला आपण आपल्यातून बाहेर काढतो त्याला विकायला बाजार नेहमीच तयार असतो.

आता आमचे काही मित्र चिडतील. ते म्हणतील, ही इंग्रजांची आणि पोर्तुगिजांची पापे आहेत, ती मुसलमानांच्या अंगाला कशाला लावता? इस्लामने तर गुलामाला मुक्त करणे हे पुण्यकर्म ठरवले. ‘अल-बलद’ या सुरेत अवघड चढणीची वाट कोणती हे सांगताना पहिले नाव गुलामाच्या मानेचे जोखड काढण्याचे घेतले आहे. मदिनेत पहिली अजान देणारे हजरत बिलाल हे हबशी होते, स्वतः गुलामीतून सुटलेले होते. आणि आपल्या महाराष्ट्राच्या मातीत मलिक अंबर झाला. आफ्रिकेतून विकत विकत इथवर आलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला, मुघलांना त्याने जेरीस आणले आणि १६१० साली खडकी हे शहर वसवले, जे पुढे औरंगाबाद झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. कोकणात जंजिऱ्याच्या सिद्दींनी तर १९४८ पर्यंत राज्य केले. मग कुठला हिकी आणि कुठला बाजार घेऊन बसलात?

हे सगळे आम्हाला मान्य आहे. मलिक अंबरविषयी आम्हीही अभिमानाने लिहिले आहे. पण अभिमानाच्या या हिशेबात एक खोट आहे. मलिक अंबर पेशवा झाला याचे श्रेय आपण आपल्या धर्माच्या खात्यावर जमा करतो. तो आधी विकला गेला होता हे कुणाच्या खात्यावर टाकायचे? त्याला विकणारे आणि विकत घेणारे कुठेही असोत, नमाज पढणारे होते. त्याच्या बरोबर जहाजात बसलेले बाकीचे लोक कुठे गेले? त्यांनी शहरे वसवली नाहीत, त्यांच्या कबरींवर घुमट नाहीत. एक अंबर होतो तेव्हा हजारो जण खिदमतगार होतात. धर्माने चढणीची वाट दाखवली हे खरे. पण ती वाट चढायची सोडून आपण पायथ्याशी दुकान मांडून बसलो, हेही तितकेच खरे. अल्लाहच्या किताबातली आज्ञा आणि मुसलमानांच्या बाजारातला व्यवहार यांत फरक असतो, एवढे म्हणायला धाडस लागू नये. आपल्याकडे ते लागते, हे दुःख आहे.

आणि हे केवळ मुसलमानांचे दुखणे नाही, हेही स्पष्ट सांगतो, म्हणजे आमच्या लिखाणाचा भलताच उपयोग करणाऱ्यांना वाव राहणार नाही. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, त्याची कागदपत्रे आहेत. गोव्यात पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून माणसे आणली. त्यांतल्या पळून गेलेल्यांचे वंशज आज उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळच्या जंगलांत राहतात. त्यांना सिद्दी म्हणतात. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्यांची बोली आपल्या कोकणीच्या कुळातली आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. म्हणजे हिकीच्या जाहिरातीपासून सव्वादोनशे वर्षांनी. आपल्या साहित्य संमेलनांत कधी या आपल्या भावाबहिणींना व्यासपीठावर बोलावल्याचे तुम्ही ऐकले आहे का?

आणखी एक आक्षेप नेहमी येतो. त्या काळी ते कायदेशीर होते, आजच्या मापाने तेव्हाच्या माणसांना मोजू नका. बरे, तेव्हाच्याच मापाने मोजू. १७८७ साली लंडनमध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी संस्था स्थापन झाली होती. १७८९ साली खुद्द कॉर्नवॉलिसने कलकत्त्यातून गुलाम बाहेर पाठवण्याविरुद्ध जाहीरनामा काढला. म्हणजे हे वाईट आहे हे त्या पिढीला कळत होते. तरी १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्यातून वगळला. इथे कायदा झाला १८४३ साली, तोही असा, की गुलामीला न्यायालये मान्यता देणार नाहीत. माणसांचा व्यापार हा गुन्हा ठरायला इंडियन पीनल कोड यावे लागले आणि ते अमलात आले १८६२ च्या पहिल्या तारखेला. सारे कळत असूनही ऐंशी वर्षे लागली. कारण कायद्याआधी जाहिरात येते. जे रोज छापून येते ते माणसाला साधे, रोजचे वाटू लागते. घर भाड्याने देणे आहे, घोडा विकणे आहे, पोरगा विकणे आहे. तिन्ही ओळी एकाच टाइपात, एकाच मापात. जाहिरातीचे खरे पाप हे. ती खोटे बोलते हे तिचे पाप नव्हे. ती इतक्या साध्या आवाजात खरे बोलते की आपल्याला त्यात काही खटकत नाही.

जोतीराव फुल्यांना ते खटकले. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. पुण्याच्या माणसाला अमेरिकेतला हबशी आपला वाटला. आम्हा मराठी मुसलमानांना तो आपला वाटायला तर अधिक जवळची कारणे होती. आमच्यातल्या कुणी तेव्हा असे पुस्तक का लिहिले नाही?

एक कारण असे, की आमचे शेठलोक दुसऱ्या पानावर होते. मुंबईचे उदाहरण घ्या. १८३८ च्या नोव्हेंबरात ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’ सुरू झाले, जे पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’ झाले. नावातच कॉमर्स. त्या काळच्या इंग्रजी पत्रांचे पहिले पान म्हणजे जाहिरातींचेच पान. जहाजे, लिलाव, माल. मुंबईचा सर्वांत किफायतीचा माल तेव्हा दोनच, कापूस आणि माळव्याची अफू. सर जमशेटजी जीजीभाईंच्या चीनच्या व्यापारातले भागीदार कोण होते? जैन मोतीचंद अमीचंद, गोव्याचे रॉजर द फारिया आणि आपले कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. सर्वधर्मसमभावाचे याहून सुंदर चित्र शोधून सापडणार नाही! पारशी, जैन, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच पेढीवर बसून चीनला अफू पाठवीत होते. १८३९ साली चिनी अधिकारी लिन झेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली आणि इंग्रजांनी त्यावरून युद्ध पुकारले.

रोगे शेठ दानशूर होते. मुंबईच्या जामा मशिदीच्या बांधकामाला त्यांचा पैसा लागला. कोकणी जमातीच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि घ्यावेच. पण आमच्याकडे असे होते, की मशिदीचा दगड आम्हाला आठवतो आणि अफूची पेटी आठवत नाही. दारू हराम आहे यावर आम्ही तासभर बोलू शकतो. ज्या अफूने दुसऱ्या देशातली लाखो घरे बसवली ती आमच्या नाखुदांच्या जहाजांतून गेली, यावर एक वाक्य नाही. मराठी इतिहासकार आम्हाला वगळतात ही आमची जुनी तक्रार. ती रास्त आहे. मराठी पत्रकारितेच्या इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांत मुसलमान वाचक, मुसलमान वर्गणीदार, मुसलमान जाहिरातदार शोधावा लागतो. पण आम्हाला इतिहासात जागा हवी असेल तर ती पुरती घ्यावी लागेल. जहाजाच्या मालकाची जागा हवी आणि जहाजाच्या तळातल्या मालाशी आपला संबंध नको, असे चालणार नाही. विकणारे आम्ही होतो, विकत घेणारे आम्ही होतो आणि विकले गेलेलेही आम्हीच होतो. तिन्ही आसनांवर बसण्याची तयारी असेल तरच इतिहासाचे दार ठोठवावे.

इतके लिहून थांबलो असतो तर सोपे झाले असते. जुन्या पापांवर लिहायला पैसे पडत नाहीत. पण हा लेख आम्ही लिहायला घेतला तो हिकीमुळे नव्हे, आमच्याच एका मागच्या पानामुळे.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी काही जण एका छोट्या वार्षिक अंकाचे काम पाहत होतो. अशा अंकांचे अर्थकारण तुम्हाला ठाऊक आहे. कागदाचा भाव वाढतो, वर्गणी वाढत नाही. कथा-कविता फुकट मिळतात, छपाई फुकट मिळत नाही. शेवटच्या आठवड्यात एका विवाह मंडळाची पानभर जाहिरात आली. पैसे रोख आणि दराच्या दीडपट. जाहिरातीत स्थळांची यादी होती. सय्यद घराण्यातील मुलासाठी गोरी, उंच, खानदानी मुलगी हवी. पठाण घराण्यातील मुलीसाठी उच्च कुळातील मुलगा हवा. एका ओळीत तर कुठल्या जातीच्या लोकांनी पत्रव्यवहार करू नये हेही नाव घेऊन लिहिले होते. आम्ही ती वाचली का? वाचली. मुद्रिते तपासली. ‘खानदानी’ या शब्दातली वेलांटी दुरुस्त केली आणि छापली.

अंक निघाल्यावर मराठवाड्यातल्या एका शिक्षिकेचे पत्र आले. त्याच अंकात तिची कविता होती. ती बागवानांच्या घरातली. तिने लिहिले होते, की माझी कविता तुम्ही सव्विसाव्या पानावर छापलीत, तिच्यात माणुसकी असल्याचे टिपणही दिलेत आणि मागच्या पानावर मला पत्रव्यवहार करायला बंदी केलीत. पत्राखाली ‘आपली खिदमतगार’ अशी सही होती. ती तिने उपहासाने केली की सवयीने, हे आम्ही तिला विचारले नाही. विचारायचे तोंड नव्हते.

आता सांगा, हिकीत आणि आमच्यात फरक काय? त्याच्या आतल्या पानावर स्वातंत्र्य होते, आमच्या आतल्या पानावर समता होती. त्याच्या जाहिरातीत रंग, वय, कामाची माहिती आणि पाहायला येण्याचे आमंत्रण होते. आमच्या जाहिरातीत रंग, वय, घरकामाची आवड आणि पाहायला येण्याचे आमंत्रण होते. पुढील माहितीसाठी दोन्हीकडे पत्ता दिलेला होता. मान्य आहे, लग्न म्हणजे विक्री नव्हे. आमची मुलगी चारशे रुपयांना विकली जात नाही. उलट तिच्याबरोबर आम्हीच रोकड देतो आणि मेहेरची रक्कम कागदावर लिहून विसरून जातो.

इस्लाममध्ये जातपात नाही, हे वाक्य आम्ही प्रत्येक व्यासपीठावरून बोलतो. धर्मात ती नाहीच. समाजात आहे. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात अशराफ, अजलाफ, अरझाल हे शब्द छापून आले तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणांना राग आला. अहवाल कशाला लागतो? कोणत्याही उर्दू-मराठी पत्राच्या विवाहविषयक स्तंभावर नजर टाका. तांबोळी, पिंजारी, मोमीन, मणियार, कुरेशी, छप्परबंद, फकीर. व्याख्यानात सगळे एका सफेत उभे असतात. जाहिरातीत प्रत्येकाचा कप्पा वेगळा असतो. मशिदीतली सफ खरी की जाहिरातीतला कप्पा खरा? दोन्ही खरे आहेत, आणि लाज वाटण्याजोगे आहे ते हेच.

आम्ही हे आमच्याच बिरादरीला अधिक कठोरपणे सांगतो, कारण दुसऱ्याच्या जाहिरातीचा चटका आम्हाला रोज बसतो. पुण्या-मुंबईत घर शोधणाऱ्या मुसलमान मुलाला विचारा. ‘शाकाहारी कुटुंबास प्राधान्य’ या तीन शब्दांचा अर्थ त्याला कोशात पाहावा लागत नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. तेव्हा आम्ही हळहळलो. आमच्यासाठी दार बंद करणारी ओळ आम्हाला अन्याय वाटते. आम्ही दुसऱ्यासाठी दार बंद करणारी ओळ छापतो तेव्हा ती ‘रिवाज’ असते. बागवानाच्या मुलीने पत्र पाठवू नये, असे छापणाऱ्या हाताला ‘मुसलमानाने विचारू नये’ अशा मालकाविरुद्ध निषेधाचे पत्रक लिहिण्याचा अधिकार उरतो का?

यावर आमचे एक जुने स्नेही म्हणाले, “भाई, जाहिरात ही जाहिरातदाराची. संपादकाचा तिच्याशी संबंध नाही. तसे प्रत्येक अंकात बारीक टाइपात छापतोच ना आपण?” होय, छापतो. हिकीनेही असेच म्हटले असते. पण त्याच्या जाहिरातीतल्या शेवटच्या ओळीने त्याला पकडले. छापखानेवाल्याकडे चौकशी करावी. संबंध नसलेल्या माणसाकडे चौकशी करा असे कुणी लिहीत नाही. आपणही पैसे मोजून घेतो, पान लावतो, मुद्रिते तपासतो, अंक पोस्टात टाकतो आणि मग म्हणतो, आमचा संबंध नाही. बारीक टाइपातली ती सूचना कायद्याच्या वकिलाला पुरेल. ज्या वाचकाने आपल्या अंकावर विश्वास टाकला त्याला ती पुरत नाही.

दुसरे म्हणाले, “जाहिराती नाकारल्या तर अंक बंद पडेल. मग तुमची ती शिक्षिका कविता कुठे छापणार?” हा प्रश्न खरा आहे आणि त्याला आमच्याकडे खुबीदार उत्तर नाही. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत ‘इंडियन ओपिनियन’ चालवले, तेव्हा सुरुवातीला त्यात जाहिराती असत. पुढे त्यांनी त्या घेणेच बंद केले. पण त्यांच्यामागे फिनिक्स आश्रम होता, छापखाना होता, पैसे देणारे व्यापारी होते आणि त्यांत मुसलमान व्यापारीही होते. आमच्यामागे तसे काही नाही. सगळ्या जाहिराती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. बेकरीवाल्याची घ्या, बिर्याणीवाल्याची घ्या, शाळेची, दवाखान्याची, उमरा टूरवाल्याची घ्या. साबण विका, शेवया विका, पुस्तके विका. दराची घासाघीसही करा.

फक्त एक ओळ आखून घ्या. ज्या जाहिरातीत माणसाच्या कातडीचा रंग, त्याची जात किंवा त्याचे कूळ ही अट म्हणून लिहिलेली असेल, ती छापायची नाही. पैसे दीडपट असोत की दुप्पट. आणि ही ओळ अंकाच्या पहिल्या पानावर मोठ्या टाइपात छापायची, म्हणजे वाचकच आपल्याला पकडतील. अंक चार पाने कमी निघेल. निघू द्या. सोळा पानांचा स्वच्छ अंक हातात घेताना त्या शिक्षिकेला मागचे पान उलटायची भीती वाटणार नाही.

आमच्या टीकाकारांना आणखी एक भीती असते. घरातली धुणी चव्हाट्यावर धुतली, की मुसलमानांच्या वैऱ्यांना आयतेच कोलीत मिळते. आम्ही म्हणतो, वैऱ्यांना कोलीत लागत नाही, ते रिकाम्या हातानेही घर जाळतात. आमची भीती वेगळी आहे. आमचीच मुले उद्या आमचे अंक उघडतील. आतल्या पानांवरचे लेख ती चाळतील आणि मागच्या पानावर थांबतील, जसे आम्ही हिकीच्या अग्रलेखांवरून पुढे गेलो आणि तीन ओळींवर थांबलो. त्यांना आमची भाषणे आठवणार नाहीत. ती विचारतील, हे छापले तेव्हा छापखान्यात कोण बसले होते?

त्या चारशे रुपयांच्या पोराचे नाव जाहिरातीत नव्हते. बटलरचे काम येते, स्वयंपाक येतो, एवढेच लिहिले होते. त्याला आईने काय नावाने हाक मारली असेल, हे विचारायची गरज विकणाऱ्याला वाटली नाही, छापणाऱ्याला वाटली नाही, वाचणाऱ्यालाही वाटली नाही. आमच्या मागच्या पानावरही एकाही मुलीचे नाव नव्हते.

त्या शिक्षिकेची माफी आम्ही पत्राने मागितली होती. जाहिरात चव्हाट्यावर छापली होती, म्हणून माफीही छापूनच मागायला हवी होती. ती आज इथे मागतो.